चाटणातला मध

गुळाच्या डब्याला कुलूप लागलं, त्या दिवशी अक्षराची खात्रीच पटली की आता आपल्या घरात कुणाचा कुणावर काडीइतका विश्वास उरलेला नाही.

कुलूप लावलं दानम्मा आत्यानं. नांदेडहून सकाळच्या गाडीनं ती उदगीरला उतरली, दारात पायांवर पाणी घेतलं आणि चहासुद्धा न पिता सरळ स्वयंपाकघरात शिरली. गूळ, साखर, शेंगदाण्याचे लाडू, संक्रांतीसाठी आणून ठेवलेले तीळ, असलं नसलं सगळं तिनं कपाटात कोंबलं आणि किल्ली कमरेला खोचली. तीळ कधीपासून गोड झाले, असं अक्षरा विचारणारच होती. पण आईचं तोंड बघून तिनं जीभ चावली. आईच्या हातातली भाकरी तशीच हातात राहिली होती आणि रिकामा तवा धूर सोडत होता.

"आक्का, माझ्यावर शक हाय का तुमचा?" आईनं हळूच विचारलं.

"मी कुटं म्हणले तसं, महानंदा?" आत्या कपाटाचं दार ओढून बघत म्हणाली. "पण अप्पा तर गोडाला शिवंनात. मग त्यांची साखर काय वाऱ्यानं वाढायलीय का?"

हाच तर सगळा घोळ होता. अप्पा म्हणजे अक्षराचे अज्जा, आत्याचे वडील, गुरुबसप्पा. उदगीरच्या मोंढ्यातले, धान्यबाजारातले, जुने आडते. तूर मुठीत घेऊन नुसती चोळली, की ती कुठल्या शिवारातली आणि किती ओली ते सांगणारा माणूस. उजवा डोळा लहानपणीच गोवरात गेला होता. उभं आयुष्य डाव्या डोळ्यावर काढलं, आणि आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. गेल्या महिन्यापासून ते चहा बशीऐवजी धोतरावर ओतायला लागले होते. लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा माघारी पाठवलं. "साखर उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही. जखम चिघळली तर असलेला एकुलता डोळा जाईल. आणि फार दिवस थांबूनही चालणार नाही."

गोळ्या चालू होत्या. पथ्य चालू होतं. आणि साखर जिथल्या तिथं, हटवादी म्हशीसारखी.

कुणीतरी अज्जांना चोरून गोड चारतंय, किंवा अज्जाच चोरून खातायत, अशी कुजबुज सुरू झाली ती येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला. सगळं गणगोत शेतात जमलेलं, भज्जी-आंबिलीची पंगत बसलेली, आणि आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "अप्पा, खरं सांगा. दुकानात पेढा-बिढा खाता का?" अज्जांनी समोरची खिरीची वाटी बाजूला सारली. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरनं सांगितल्यापासून गोडाचा कण जिभंवर ठेवला न्हाई. ह्याच्यावर हात ठेवून सांगतो."

बस्स. लिंगावर हात ठेवून सांगितलं म्हटल्यावर पुढं बोलायची कुणाची छाती होणार! अज्जा खोटं बोलत नाहीत हे ठरलं. पण मग दुसरं कुणीतरी खोटं बोलतंय हेही त्याच पंगतीत ठरून गेलं, आणि सगळ्यांच्या नजरा एकेक करून जिच्या हातचं अज्जा जेवत होते तिच्याकडं वळल्या. म्हणजे आईकडं.

अक्षराच्या अंगाची लाही लाही झाली. ती दहावीत होती. शाळेतल्या वक्तृत्वाच्या स्पर्धेत नुकताच पहिला नंबर आल्यापासून आपण बोललो की लोक ऐकतात, हा नवाच शोध तिला लागला होता. त्या जोरावर तिनं मनाशी ठरवलं की हा चोर आपण शोधायचा. अज्जांच्या बोटाला सुई टोचून मशीनवर साखर मोजायचं काम तसंही तिच्याकडंच होतं. आकडा पहिल्यांदा तिला कळायचा, मग घराला.

पहिला संशय दुकानावर. शाळा सुटली की ती सायकल काढायची आणि मोंढ्यात जाऊन तुरीच्या पोत्यांमागं ठाण मांडून बसायची. अज्जांचा चहा आला की, "अज्जा, एक घोट," म्हणून आधी स्वतः चाखायची. चहा बिनसाखरेचाच, तोंड वाकडं करणारा. मुनीम वीरेशकाकांच्या खिशात मात्र कसला तरी कागद सारखा चुरचुरायचा. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना गाठलंच.

"काका, खिशात काय हाय?"

"गोळ्या हायेत."

"कसल्या? लिमलेटच्या ना? अज्जाला देता ना तुम्ही?"

वीरेशकाकांनी खिसा उलटा करून दाखवला. औषधाची पट्टी होती. "ए बाई, मला सोताला शुगर हाय! तुज्या अज्जाला चारू कुटून? सीआयडीत भरती झालीस का काय तू?"

हमाल पोट धरून हसले. अक्षरा तोऱ्यात सायकलीवर बसली खरी, पण कान लाल झाले होते.

दुकान संशयातून सुटलं. राहिलं घर. घरात आई, बाबा, ती आणि अज्जा. बाबा म्हणजे संगमेश्वर. ते बहिणीसमोर बहिणीचे आणि बायकोसमोर बायकोचे, त्यामुळं त्यांच्यावर संशय घेण्यातसुद्धा काही राम नव्हता. एका रविवारी अक्षरानं आईला स्वयंपाकघरात पाऊलच ठेवू दिलं नाही. भाकरी, वरण, मेथीची भाजी, सगळं स्वतः केलं; भाकरीचा नकाशा झाला पण गोडाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीननं तोच आकडा दाखवला. सव्वादोनशे. तिला वाटलं, सुटली आई! पण आत्याला फोनवर सांगितलं तर आत्या म्हणाली, "एका दिसानं काय होतंय, अक्षे? मीच येऊन बघते."

आणि आली. कुलूप घेऊनच आली.

आत्यानं चूल ताब्यात घेतली. भाकरी तिची, भाजी तिची, पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्याच हातानं भरलेला. संक्रांतीला शेजारपाजारचा तिळगूळ आला तो तिनं दारातच मोजून घेतला. आई पुढच्या खोलीत तुरीची डाळ निवडत बसायची. एक खडा सापडला की दहा मिनिटं त्याच्याकडंच बघत राहायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अज्जा. ताटावर बसले की धूसर डोळा वर करून विचारायचे, "कुणी केली भाकरी?" आत्या म्हणायची, "मी केली, अप्पा." मग पहिला घास मोडायचे. आई आतून ऐकायची. अक्षरा आईला ऐकताना बघायची.

आठवडा झाला. अक्षरानं अज्जांचं बोट दाबलं, थेंब पट्टीला लावला, आणि आकडा बघून तिचे डोळे पांढरे झाले. पावणेतीनशे!

"मशीन बिगडलं असंल," आत्या म्हणाली; पण तिचाही आवाज खाली आला होता.

अक्षरानं पुन्हा टोचलं. तोच आकडा. आणि त्या क्षणी तिच्या डोक्यात लख्ख वीज चमकली. आई स्वयंपाकघरात होती तेव्हा सव्वादोनशे. आई बाहेर, गूळ कुलपात, तर पावणेतीनशे! म्हणजे आई चोर असणं शक्यच नाही. आणि ज्यानं कुणी आधी थोडं चारलं होतं, तो आता जास्त चारतोय. मग आत्या? पण आत्या आपल्या बापाचा डोळा घालवेल? छे! मग असं काय आहे, जे आई कमी द्यायची आणि आत्या जास्त देते?

ती आईजवळ जाऊन बसली. डाळीत बोटं फिरवत म्हणाली, "आई, अज्जाला आत्या देती आणि तू देत नव्हतीस, असं काय हाय?"

आई दचकली. दाराकडं बघितलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आक्काला सांगू नको. मी दुपारचं चाटण लई वेळा इसरायचे. आन् मध बी जरा हात राखूनच घालायचे. म्हागाचा हाय म्हणून."

चाटण!

नांदेडच्या एका वैद्याकडून आत्यानं दिवाळीत जांभळाच्या बियांचं आणि कडुनिंबाचं चूर्ण आणलं होतं. साखरेवर उतारा म्हणून. पुडीवर पाण्यातून घ्यावं असं छापलेलं. पण ते इतकं कडू की अज्जांच्या घशाखाली उतरेना. म्हणून आत्यानं माहूरहून येताना, डोंगरात राहणाऱ्या एकाकडून, कच्च्या मधाच्या मोठ्या बाटल्या घेतल्या. "गरम न केलेला, नुसता फडक्यानं गाळलेला," ती कौतुकानं सांगायची. "खोकला जातो, पोट साफ होतं, अंगात ताकद येती, डोळ्याला तेज चढतं. आन् औषध मधातून दिलं की दुप्पट लागू पडतं." हे शेवटचं तिनं मोबाइलवर ऐकलं होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ मोठे दोन चमचे मध, त्यात चिमूटभर चूर्ण. आणि ती आल्यापासून रात्री झोपताना आणखी एकदा, खास डोळ्यासाठी.

त्या मधावर संशय घेतला नव्हता असं नाही. उलट बाटली आली तेव्हा सगळ्यात आधी अक्षरालाच शंका आली होती! गुळाचा पाक घालून फसवतात म्हणून तिनं थेंब पाण्यात सोडून बघितला. तो सरळ तळाशी जाऊन बसला. बाबांनी मधात बुडवलेली काडी पेटवून बघितली. अज्जांनी बोटावर घेऊन ताणून बघितला आणि निकाल दिला, "अस्सल माल हाय." अस्सल ठरला, आणि त्या दिवसापासून मध संशयाच्या बाहेर गेला. खोटा असता तर गोड म्हणून धरला असता. खरा निघाला म्हणून औषध झाला.

"पण मध गोडच असतोय की गं, आई!" अक्षरा ओरडली.

"ते औषध हाय," आई म्हणाली. मग थांबली. डाळ तशीच तिच्या मुठीत राहिली.

आता पुरावा हवा. आत्यासमोर पुराव्याशिवाय जाणं म्हणजे शिंगं असलेल्या बैलासमोर लाल फडकं. अक्षरानं सकाळी उपाशीपोटी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, मग चूर्ण पाण्यातून गिळलं (अगाई गं, काय ते कडू!) आणि पाऊण तासानं पुन्हा मोजलं. आकडा जवळजवळ तोच. दुसऱ्या सकाळी तेच चूर्ण अज्जांच्या मापानं मधातून चाटलं. अठ्ठ्याऐंशीवरचा आकडा एकशे एकोणचाळीसवर! ठणठणीत पोरीचा एवढा चढला, तर अज्जांचं काय होत असेल?

त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला सगळे बसले तेव्हा ती मधाची बाटली घेऊन आली आणि ताटांच्या मधोमध ठेवली. स्पर्धेत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"चोर सापडला!"

सगळ्यांनी आईकडं बघितलं. सवयच झाली होती.

"तिकडं नका बघू! हा बघा चोर. अज्जा रोज चारदा गोड खायलेत. ह्यातून!"

"तोंड सांभाळ," आत्या कडाडली. "अभिषेकाला वाहतो आपण मध. त्याला चोर म्हणायलीस?"

"अभिषेक देवाला, आत्या. देवाला कुटं शुगर हाय?"

बाबांना ठसका लागला. अक्षरानं आपले दोन दिवसांचे आकडे सांगितले. आत्या म्हणाली, मशीन खोटं. मग बाबांनी, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची बाजू न बघता, लातूरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. चाटणाचं माप सांगितलं. "अहो, मध खोकल्याला चांगला असेल, निरोगी माणसानं चमचाभर खाल्ला तर माझी हरकत नाही. पण साखरेच्या पेशंटला मध म्हणजे साखरच. कच्चा असो की पक्का. आठ चमचे? रोज? मला आधी सांगितलं का नाही?"

"औषध म्हणून..." बाबा पुटपुटले. डॉक्टरांनी कोणकोणतं गोड खाता असं विचारलं होतं. मधाला गोडात धरायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

अक्षराला वाटलं, आता टाळ्या पडणार. निदान आत्या कपाटाची किल्ली तरी काढून ठेवणार. पण अज्जांनी ताट पुढं सारलं. हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि मधेच थांबला, जणू आता तिथं हात लावायचा हक्कच उरला नाही.

"म्हंजे मी खोटं बोललो," ते म्हणाले. "भर पंगतीत. ह्याच्यावर हात ठेवून."

"अज्जा, तसं न्हाई... चूक झाली, खोटं नव्हे..."

"अक्षरव्वा, गोड ते गोड. डोळा गेला तर जाऊ दे. सजा हाय ती माझी. लातूरला जायचं न्हाई."

चोर पकडायच्या नादात आपण अज्जांना चारचौघांत खोटं ठरवलं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती सारखी समजवायला गेली. न कळता केलेलं पाप नसतं म्हणाली, वक्तृत्वातली सगळी अस्त्रं काढली. अज्जा ऐकायचे आणि बोट मुठीत झाकून घ्यायचे. "मोजू नको. आता कशाला मोजायचं." बाबांनी विनवलं. आत्या रडली, मधाच्या बाटल्या शेजारी वाटून टाकल्या, आणि कधी मधाला तर कधी स्वतःला शिव्या घालत राहिली. अज्जा हलेनात. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा दिलेली तारीख जवळ येत चालली.

शेवटी एका सकाळी आई निवडायच्या डाळीचं सूप बाजूला ठेवून उठली. पदर सारखा केला आणि अज्जांसमोर जाऊन उभी राहिली. एरवी ती सासऱ्यांशी दाराआडूनच बोलायची.

"मामा, तुमचं जे काय हाय ते तुम्ही देवाला सांगा. त्यात मी पडत न्हाई. माझं मातर तुमालाच सांगावं लागतंय."

अज्जांनी मान वर केली.

"येळवशीपासून सारी गल्ली म्हणायलीय, महानंदानं सासऱ्याला चोरून गोड चारलं. तुमी बी म्हणलात. तोंडानं न्हाई, पण घास मोडायच्या आधी इचारत होतात ना, भाकरी कुणी केली? मी आयकत होते." आई आणखी एक पाऊल पुढं आली. "आता तुमी डोळा घालवून बसलात तर लोकाला मध दिसणार न्हाई, मामा. लोक म्हणतील, सुनंच्या हातानं सासरा आंधळा झाला. तुमच्या शपथीची सजा तुमी घ्या की. मी का जल्मभर चोर राहू?"

आत्यानं तोंडाला पदर लावला होता. अक्षरानं आईला असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. आपल्याला वक्तृत्वाचा कप मिळाला तो काय मिळाला, असं तिला वाटून गेलं.

अज्जांनी मूठ उघडली आणि बोट अक्षराच्या दिशेनं पुढं केलं.

"टोच."

आकडा एकशे नव्वद होता. मध बंद होऊन फार दिवस झाले नव्हते तरी. आत्यानं कमरेची किल्ली काढून आईच्या हातावर ठेवली आणि पुढच्या खोलीत जाऊन डाळ निवडायला बसली.

ठरल्या दिवशी ते लातूरला गेले तेव्हा साखर डॉक्टरांना हवी तिथं आली होती. दवाखान्यात गर्दी मरणाची. अज्जांच्या डोळ्यात थेंब टाकून त्यांना बाकावर बसवलं होतं. एका बाजूला अक्षरा, दुसऱ्या बाजूला आई. बाबा गाडी लावायला जागा शोधत फिरत होते. हिरव्या कपड्यातली नर्स कागद घेऊन आली आणि भराभर विचारायला लागली. गोळ्या कुठल्या, किती वाजता जेवतात, पथ्य काय, आणखी काही औषध, काढा, चूर्ण?

अक्षराचं तोंड उघडलं. सगळे आकडे तिला पाठ होते, जिभेवर नाचत होते. पण अज्जांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"मला इचारू नका, बाई," ते नर्सला म्हणाले. "गोड काय, कडू काय, मला कळत न्हाई म्हणून सिद्ध झालंय. ही माझी सून, महानंदा. माझ्या पोटात काय जातं ते हिला मालूम. ही सांगंल ते लिवा."

आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग बाकावरून थोडी पुढं सरकली आणि सांगायला लागली. सकाळी किती, दुपारी किती, कोणती भाकरी, कोणती गोळी. सगळं नीट, न अडखळता. नर्स लिहीत गेली. अज्जा डोळा मिटून, तिच्या एकेका वाक्याला मान हलवत राहिले.